जुम्मादादांच्या गावात 'वेलनेस कोच'
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



हल्ली आपली मुले पैसे भरून 'वेलनेस कोच' लावतात. काय खाता, किती झोपता, चालता किती, काळजी कसली करता, हे सारे तो एकत्र विचारतो आणि दर आठवड्याला हिशेब घेतो. हसू नका. तालमीतले उस्ताद तरी दुसरे काय करीत?

डभोईला १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० आपल्या प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. पुढे नर्मदाकाठी मालसरला माधवदासजींकडे योग शिकले. हेच स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर परिणाम काय होतो, ते यंत्रे लावून तपासले. आधी तपासायचे, मग सांगायचे!

कोचचे तसे नाही. डॉक्टरला पदवी लागते, नोंदणी लागते. कोचची पाटी कोणीही लावू शकतो. तेव्हा त्याच्या शब्दावर मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी बंद करू नका. पावडरचे डबे गळ्यात मारणारा तर निव्वळ विक्रेता.

आणि मते मागायला येतील त्यांना एवढेच विचारा, आमच्या आजी-आजोबांना चालायला सलग फूटपाथ कुठे आहे?

आपल्या मंडळाचा हॉल लग्नतिथी सोडल्या तर सकाळी कुलूपबंद असतो. तो रोज ६ ते ८ व्यायामासाठी उघडावा, असा ठराव मी मांडतो. सुनांनाही यायचे आहे. त्यांना सोयीची वेळ कोणती, ते कार्यकारिणीने त्यांनाच विचारावे.