पाच खोटे आकडे

मी उचगावातून बोलतोय. मागं गाड्यांचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या. पुणे-बेंगळुरू हायवे जवळच आहे, रात्री बारालाही ट्रक थांबत नाहीत. आजच्या विषयाचा त्या ट्रकशी संबंध आहे. विषय आहे मोह, आणि मोहात पडल्यावर काय करायचं.

डिप्लोमा झाल्यावर मी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला लागलो. तिथं ट्रकचे ब्रेक ड्रम बनायचे. प्रत्येक लॉटमधले पाच ड्रम घ्यायचे, मशीनवर हार्डनेस तपासायचा, आकडे रिपोर्टमध्ये लिहायचे, खाली सही करायची. एवढंच काम.

एका शनिवारी सेकंड शिफ्ट संपायला वीस मिनिटं होती. माल न्यायला गाडी गेटवर उभी. साहेब म्हणाले, "कालच्यासारखेच आकडे टाक की. माल तोच, भट्टी तीच." आणि मी टाकले. एकही ड्रम मशीनवर न ठेवता पाच आकडे लिहिले. वर प्रत्येक आकडा थोडा थोडा वेगळा लिहिला, खरं वाटावं म्हणून! मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याची. कारण तेवढं डोकं मला साहेबांनी सांगितलं नव्हतं, ते माझंच होतं.

रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचन माझ्याकडं होतं. मत्तय, अध्याय 4. प्रभू येशू अरण्यात आहे, 40 दिवसांचा उपास झालाय, भूक लागलीय. सैतान येतो आणि म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. लहानपणापासून मी हे ऐकत आलोय. पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की, भाकरी खाणं काही पाप नाही! मोह असाच येतो. शिंगं लावून येत नाही. आपल्याला खरंच गरज असते तेव्हा, अगदी पटेल असं काहीतरी घेऊन येतो. "माल तोच, भट्टी तीच."

आणि येशू वाद घालत बसत नाही. तिन्ही वेळा शास्त्रातलं उत्तर देतो, तिन्ही उत्तरं अनुवाद या पुस्तकातली. म्हणजे उत्तर आधीपासून आत तयार होतं. माझ्याकडं त्या शनिवारी काहीच तयार नव्हतं.

वाचन संपवून मी जागेवर बसलो. सगळे म्हणाले, छान वाचलंस. मला मान वर करवेना.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर तुटलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढं 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, ख्रिस्ताच्या मागं जाऊ पाहणारे सगळे तिथं भाऊ म्हणून एकत्र यावेत, हा त्यामागचा विचार. वय पन्नाशी ओलांडलेलं. पगार घेणं हे पापही नव्हतं. तरी आत जे पटलंय तेच बाहेर जगायचं म्हणून त्यांनी तो सोडला.

आता कुणी म्हणेल, ते मोठे लोक, आपलं काय? तर लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचा. त्यात टिळकांचा रागीटपणा आहे, हातात पैसा न टिकणं आहे, काहीच झाकलेलं नाही. मला वाटतं सचोटी म्हणजे हेच. चूक होणारच नाही असं नाही. पण लोकांना दाखवायची एक वही आणि लपवायची दुसरी, असं नाही.

सोमवारी मी साहेबांच्या वरच्या मॅनेजरकडं गेलो. पाय कापत होते. "रिपोर्ट खोटा आहे, मी लिहिलाय," एवढंच बोललो. लॉट थांबवला, ड्रम परत तपासले. आणि सगळे पास झाले!

मित्र म्हणाला, "मग भावा, कशाला तोंड उघडलंस?" खरं सांगतो, क्षणभर मलाही तसंच वाटलं. त्या वर्षी पगारवाढ मिळाली नाही. साहेब माझ्याशी बोलायचे बंद झाले ते झालेच. पण ड्रम चांगले निघाले म्हणून माझी सही खरी होत नाही. ड्रम खरे होते, मी खोटा होतो. आणि पुढच्या शनिवारी पण मी तेच केलं असतं.

लूक 19 मधला जक्कय आठवा. येशू घरी आल्यावर तो नुसता रडत नाही. ज्याला फसवलं त्याला चौपट परत करीन म्हणतो. पश्चात्ताप म्हणजे डोळ्यांत पाणी एवढंच नाही, हिशोब नीट करणं.

तर या आठवड्यात दोनच गोष्टी करा. एक, तुमचा "शनिवार" कुठला, ते ओळखा. रात्री एकटं असताना हातातला मोबाईल असेल, परीक्षेतली कॉपी असेल, दुकानातलं खोटं बिल असेल. त्याचं उत्तर आजच तयार ठेवा, त्या वेळी सुचत नाही. दोन, जे आधीच घडलंय ते एका विश्वासू माणसाला सांगा, आणि दुरुस्त करता येईल तेवढं करा. एकट्यानं ओझं वाहू नका.

आत्ता बाहेरून एक ट्रक गेला. उताराला त्याचा ड्रायव्हर निवांत ब्रेक दाबणार, कारण कुणीतरी खरा आकडा लिहिलाय असं तो धरून चाललाय. त्याच्यासाठी, आणि आपल्यासाठी, आज रात्री प्रार्थना करा. भेटू पुढच्या भागात. जय ख्रिस्त!