वाया न गेलेली पदवी

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. ही नावं एका दमात घेतली की ऐकणाऱ्याच्या तोंडून हमखास निघतं, 'अरेच्चा, एवढं शिकून नाटकात?' वाढदिवसाच्या लेखात ही माहिती शेवटच्या परिच्छेदात येते, गंमत म्हणून. मला आज असं मांडायचं आहे की, या माणसांची पदवी आणि त्यांची कला एकाच आवारात वाढली. ते कॉलेजात गेले नसते तर बहुधा नाटकातही गेले नसते. म्हणून नवल करायचंच असेल तर पदवीच्या नावाचं करू नये. त्या कॉलेजात असं काय होतं, हे विचारावं.

पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय घ्या. लागू, पटेल, आगाशे तिघेही तिथलेच. लागूंनी शिकत असताना नाटकं केली, १९५१च्या सुमारास भालबा केळकरांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची, म्हणजे पीडीएची, उभारणी केली, पुण्यात व्यवसाय केला, पुढच्या प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंडला गेले, टांझानियात टबोराला शल्यविशारद म्हणून काम केलं आणि १९६९ साली पूर्णवेळ नट झाले. तेव्हा त्यांचं वय होतं ४२. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं. म्हणजे आपल्याला जे अचानक वाटतं, त्यामागे वीस वर्षांची हौशी रंगभूमी होती आणि ती कॉलेजापासून सुरू झालेली होती. त्याच पीडीएनं १६ डिसेंबर १९७२ला 'घाशीराम कोतवाल' केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, नाना फडणवीस मोहन आगाशे, आणि दिग्दर्शनात साहाय्याला सतीश आळेकर, जे जीवरसायनशास्त्र शिकले होते आणि ज्यांनी पुढे बी. जे.मध्येच त्या विषयात नोकरी केली. त्या नाटकातली माणसांची भिंत आठवून पाहा. बारा ब्राह्मण प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहतात, डोलतात, गातात, क्षणात वळतात, आणि त्या भिंतीआडून पात्रं येतात-जातात. यात एक पाऊल चुकलं तरी भिंत मोडते. असं काम रोजच्या रोज एकत्र जमणाऱ्या, मानधनाची वाट न पाहणाऱ्या तरुणांकडूनच बसवून घेता येतं. दौऱ्यावर निघालेल्या धंदेवाईक कंपनीला ते परवडलं नसतं. आधुनिक मराठी रंगभूमीतला हा मोठा प्रयोग ज्या फुरसतीवर आणि दोस्तीवर उभा राहिला, ती फुरसत आणि दोस्ती कॉलेजच्या वयाची होती.

संगीताकडे वळलं तर हेच वेगळ्या रीतीनं दिसतं. डॉ. प्रभा अत्रे विज्ञानाच्या पदवीधर, कायद्याच्याही पदवीधर. नंतर सरगम या विषयावर त्यांनी संशोधन केलं, आकाशवाणीत नोकरी केली, एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभाग सांभाळला. डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे यांची डॉक्टरेट जीवरसायनशास्त्रातली, भाभा अणुसंशोधन केंद्रात केलेली. आणि गाणं जयपूर-अत्रौली घराण्याचं, आई माणिक भिडे यांच्याकडून मिळालेलं. प्रयोगशाळेमुळे गाणं सुरेल झालं, असा दावा मी करणार नाही, तो खोटा ठरेल. पण दोन मोठ्या विद्या एका माणसात सुखानं नांदू शकतात, एकीसाठी दुसरीचा बळी द्यावा लागत नाही, एवढं यातून नक्की सिद्ध होतं. जगातही असे दाखले आहेत. क्वीन या इंग्रजी बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी खगोलभौतिकीचं अर्धवट सोडलेलं संशोधन तीसहून अधिक वर्षांनी पुन्हा हाती घेतलं आणि २००७ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजची डॉक्टरेट मिळवली. आपल्या क्रिकेटमध्ये अनिल कुंबळे आणि जवागल श्रीनाथ इंजिनिअर आहेतच.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो पैशाचा आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातली जागा म्हणजे करदात्यांचा खर्च. डॉक्टर नाटकात गेला तर एक डॉक्टर कमी झाला, आणि ज्याला प्रवेश मिळाला नाही त्याच्यावर अन्याय झाला. मराठवाड्यासारख्या भागात, जिथे तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर मिळणं आजही सोपं नाही, तिथे हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. पण हिशेब पुरता मांडून पाहू. लागूंनी नाटकाला वाहून घेण्याआधी कित्येक वर्षं रुग्ण तपासले, शस्त्रक्रिया केल्या. जब्बार पटेलांनी दौंडला दवाखाना चालवला. आगाशेंनी तर वैद्यकशास्त्र कधी सोडलंच नाही. बी. जे.मध्ये शिकवलं, १९९१ साली पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे ते पहिले संचालक झाले, आणि १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात घरदार गमावलेल्या माणसांच्या मानसिक आरोग्याच्या कामातही त्यांचा सहभाग होता. पुढे 'अस्तु'मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंश झालेला विद्वान म्हातारा उभा केला, नैराश्याबद्दलच्या 'कासव' या सिनेमामागे ते निर्माते म्हणूनही उभे राहिले. बाप घर विसरतो, नाव विसरतो, आणि मुलीला त्याची आई व्हावं लागतं, हे ज्या कुटुंबानं पडद्यावर पाहिलं, त्याला आपल्या घरातल्या म्हाताऱ्याचं वागणं हा हेकटपणा नसून आजार आहे, हे उमगण्याची शक्यता किती वाढते! बाह्यरुग्ण विभागात बसून एक डॉक्टर दिवसाला किती घरांपर्यंत पोचेल? ही पदवी वाया गेली, असं मला कोणत्याही हिशेबानं म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट बाजूनं येतो. कलेला पदवी लागतेच कुठे? लता मंगेशकर शाळेत रमल्या नाहीत, ग. दि. माडगूळकर मॅट्रिकला नापास झाले, निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करत होते. आणि ज्या 'घाशीराम'चा मी दाखला दिला, त्याचे लेखक विजय तेंडुलकर यांनी तर शाळाच अर्धवट सोडली होती. हे सगळं खरं आहे, आणि मला ते मनापासून मान्य आहे. पदवीनं कुणी कलावंत होत नाही. पण निळूभाऊंचंच उदाहरण जरा पुढे नेऊन बघा. ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले. तिथे वग होते, तालमी होत्या, वाचन होतं, वाद घालणारी बरोबरीची पोरं होती, गावोगावचा प्रेक्षक होता. लागूंना जे बी. जे.मध्ये मिळालं तेच निळूभाऊंना कलापथकात मिळालं. दोघांपैकी कुणीही एकटा, आरशासमोर उभा राहून नट झाला नाही. मग 'सामना'त ही दोन माणसं समोरासमोर आली, एक शल्यविशारद आणि एक माळी, आणि दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ. त्या चित्रपटात मास्तर आणि हिंदुराव यांच्यातला डाव पाहताना कोण किती शिकलेलं, हा विचार कुणाच्या मनात येतो?

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरापुरतं बोलायचं तर ही गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवी. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या मुलाला वरचं शिक्षण घ्यायचं तर हैदराबादची वाट धरावी लागे. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय इथे उभं राहिलं, तेच पुढे मिलिंद. १९५६ साली वैद्यकीय महाविद्यालय आलं, आपली घाटी. १९५८ साली विद्यापीठ. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी विद्यार्थ्यांसाठी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं आणि मुलांनी ते प्रत्यक्ष बाबासाहेबांपुढे केलं. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेला, पदवीचं मोल ज्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल असा माणूस, पहिल्या पिढीत कॉलेजात आलेल्या मुलांचं नाटक बघायला बसतो. अभ्यासाला खीळ बसेल अशी भीती त्यांना वाटली नाही. पुढे विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग सुरू झाला, आणि याच शहरातल्या तरुणांच्या 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी ही मंडळी मुंबईच्या रंगभूमीवर गेली. १९९१चं 'चारचौघी' त्यांचंच.

शेवटचा आक्षेप आजच्या पालकांचा आहे, आणि मला तो सर्वांत जड वाटतो. ते म्हणतात, तेव्हाचा काळ वेगळा होता. आज नीटच्या एका गुणावर हजारो मुलं मागे पडतात, नाटकबिटक परवडणार कुणाला? शिवाय जे नावारूपाला आले तेच आपल्याला दिसतात. जे ना धड डॉक्टर झाले ना धड नट, त्यांची यादी कोण वाचतो? यातलं दुसरं म्हणणं अगदी बरोबर आहे. म्हणूनच मी कुणाला पदवी सोडायला सांगत नाही. लागू ४२ वर्षांचे होईपर्यंत थांबले, अश्विनीताईंनी डॉक्टरेट पुरी केली. यात बेदरकारपणा कुठेच नाही. पण पहिल्या म्हणण्याबद्दल मला तक्रार आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षं पोरगं कॉलेजात नावापुरतं असतं, सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवणीच्या वर्गात बसतं, हजेरी कागदावर लागते, स्नेहसंमेलन होत नाही, वाचनालयाचं कुलूप निघत नाही. या व्यवस्थेत जो मुलगा नापास होतो त्याचं नुकसान आपल्याला दिसतं. जो पास होऊन डॉक्टर होतो, पण ज्याला आपल्याला आवाज आहे, विनोदाची जाण आहे, दहा जणांना घेऊन काही उभारता येतं, हे कधी कळलंच नाही, त्याचं नुकसान कुठल्याच निकालपत्रात येत नाही. हे नुकसान टाळायला फार मोठा खर्च लागत नाही. कॉलेजातला एक हॉल संध्याकाळी पाचनंतर दोन तास उघडा हवा, दिवे चालू हवेत, मुलांना पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धेला पाठवायला तयार असणारा एक प्राध्यापक हवा, आणि त्या आठवड्यात प्रात्यक्षिक बुडालं तर ते पुन्हा करून घ्यायची विभागाची तयारी हवी. इतकं जून महिन्यात, प्रवेश देतानाच ठरवता येतं.