वसतिगृहातली पहिली पार्टी

वसतिगृहाची खोली, कुणाचा तरी वाढदिवस आणि समोर आलेला ग्लास. 'एकदा घेऊन तर बघ!' जरा थांबा. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वयाची अट 21 वर्षं, व्हिस्की-रमसाठी 25. शिवाय परवाना लागतो. वर्धा, गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. खिशात गांजाची लहानशी पुडी सापडली, तरी 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार 1 वर्षापर्यंत सक्तमजुरी, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'मित्रानं ठेवायला दिली' म्हणून सुटका होत नाही. पण व्यसन जडलंच असेल, तर लपवू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला याच कायद्यात संरक्षणाची तरतूद आहे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक लिहून ठेवा: 14446.