दंड नव्हे, बिल
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘परदेशातील अनुभव’ असा विषय दिला आहे. तो मी जरा अरुंद करून घेतो. काल ओळखीच्या सत्रात लक्षात आलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं, सुना, जावई इंग्लंडात आहेत. तिकडच्या बर्फाबद्दल आणि राजवाड्याबद्दल तुम्ही त्यांच्याकडून ऐकलंच असेल. मी बोलणार आहे ते पार्किंगच्या पावतीबद्दल. हसू नका. गेल्या काही वर्षांत आपल्या माणसांच्या घरी रडारड व्हायला मी जितकी कारणं पाहिली, त्यात या पावतीचा नंबर बराच वर आहे.

आधी एक घोळ सोडवतो. तिकडे पार्किंगचे कागद दोन प्रकारचे येतात आणि दोघांनाही पीसीएन म्हणतात. एक नगरपालिकेचा, ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. तो खरा दंड. तो बुडवला तर शेवटी बेलिफ दारात येऊ शकतो, त्याच्याशी खेळू नये. दुसरा खासगी कंपनीचा, ‘पार्किंग चार्ज नोटीस’. सुपरमार्केटच्या, मॉलच्या, कधी हॉस्पिटलच्या आवारात या कंपन्या कॅमेरे लावून बसलेल्या असतात. हा कागद म्हणजे दंड नव्हे. ते बिल आहे. आवारात बोर्ड लावलेला असतो, तो म्हणजे कराराच्या अटी. तुम्ही गाडी लावली म्हणजे अटी मान्य केल्या, आणि त्या मोडल्यात म्हणून पैसे द्या, असा त्यांचा दावा असतो. दोन्हींची आद्याक्षरं सारखी असणं हा निव्वळ योगायोग आहे असं मला तरी वाटत नाही.

पूर्वी या कंपन्या चाकाला कुलूप घालायच्या. २०१२ च्या एका कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये खासगी जागेत ते बंद झालं. पण त्याच कायद्याने त्यांना दुसरं हत्यार मिळालं. गाडी कोण चालवत होतं ते कळलं नाही, तरी ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे त्याच्याकडे पैसे मागता येतात. मात्र त्याला अटी आहेत. फक्त कॅमेऱ्यावरून पकडलं असेल तर नोटीस १४ दिवसांच्या आत घरी पोचली पाहिजे. मालकाचा पत्ता त्यांना कुठून मिळतो? सरकारी वाहन नोंदणी खात्याकडून, डीव्हीएलएकडून, एका नावाला अडीच पौंड भरून. म्हणून नोटीस आली की पहिल्यांदा तारखा बघायच्या. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना खरी वाटत नाही. खासगी कंपनीला चालक कोण होता, मुलगी की जावई, हे सांगण्याचं बंधन नाही. पोलिसांची गोष्ट वेगळी, तिथे सांगावंच लागतं.

‘असली पत्रं सरळ फेकून द्यायची,’ असं सांगणारे शहाणे प्रत्येक मंडळात एक-दोन असतातच. त्यांचं ऐकू नका. बॅरी बीव्हिस नावाचे एक गृहस्थ, मासे-चिप्सचं दुकान चालवणारे. चेम्सफर्डला दोन तास फुकट असलेल्या जागेत ते ५६ मिनिटं जास्त थांबले, ८५ पौंडांचं बिल आलं, आणि ते तत्त्वासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते हरले. कोर्टाचं म्हणणं असं, की गाड्या हलत्या राहाव्यात यात जागावाल्याचं रास्त हित आहे, बोर्ड मोठे आणि स्पष्ट होते, आणि रक्कम अवाच्या सवा नव्हती. तेव्हा खरोखर उशीर झाला असेल, बोर्ड नीट दिसत असतील, तर माझा सल्ला सरळ आहे. हल्ली आकार जास्तीत जास्त १०० पौंड असतो, १४ दिवसांत भरला तर साठात भागतं. भरून मोकळं व्हावं. दुकानात खरेदी केली असेल तर त्याआधी एकदा पावती घेऊन दुकानाच्या मॅनेजरला भेटावं. तो एका ई-मेलवर बिल रद्द करवू शकतो, आणि पुष्कळदा करवतो.

पण उशीर झालाच नसेल तर?

आपल्याच वर्गातल्या एकाची मुलगी तिकडे नर्स आहे. नाव सांगत नाही, बाप समोरच बसला आहे. ती रात्रपाळी संपवून सकाळी ८:१० ला एका सुपरमार्केटच्या आवारात शिरली, दूध-पाव घेतला, घरी जाऊन झोपली. संध्याकाळी पार्सल घ्यायला पुन्हा तिथेच गेली आणि ५:२० ला बाहेर पडली. कॅमेऱ्याने सकाळी आत येणारी गाडी टिपली, संध्याकाळी बाहेर जाणारी टिपली. मधलं जाणं-येणं त्याच्या नजरेतून निसटलं. कंपनीच्या हिशेबात ती ९ तास १० मिनिटं तिथे उभी! असं होतं. पुढच्या गाडीला खेटून मागची गेली की नंबर झाकला जातो. तिकडच्या लोकांनी या प्रकाराला नावसुद्धा दिलं आहे.

नोटीस आली तेव्हा पोरगी भावाच्या लग्नाला इकडे आलेली होती. परत गेली तोवर हरकत घ्यायचे २८ दिवस उलटून गेले होते, आणि दारात लाल अक्षरांतलं वसुली कंपनीचं पत्र पडलं होतं. रक्कम १०० वरून १७० झालेली. आपल्या मित्राचा रात्री फोन आला. ‘अठरा हजाराच्या आसपास होतात रे, मी इथून पाठवतो, पोरीच्या मागे कटकट नको. ती भाड्याच्या खोलीत राहते, हे लोक येऊन दारात बसले म्हणजे?’

त्याची भीती खोटी नव्हती. आपल्याकडे कर्जवसुलीवाले काय करतात ते आपण गावात पाहिलं आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नका, असं रिझर्व्ह बँकेला बजावावं लागतं, यातच सगळं आलं. पण तिकडचा हा वसुलीवाला बेलिफ नसतो. त्याला घरात शिरायचा, वस्तू उचलायचा, पगाराला हात लावायचा अधिकार नसतो. त्याच्या पत्राने बँकेतली पत बिघडत नाही, आणि पार्किंगचं बिल हा गुन्हा नसल्यामुळे गुन्ह्यांच्या नोंदीतही काही जात नाही. त्याच्याकडे एकच काम असतं, पत्रं पाठवायची आणि प्रत्येक पत्रात शाई थोडी जास्त लाल करायची. त्याला उत्तरं देत बसू नये. पत्रं मात्र फाईलला लावावीत.

मुलीला मी एवढंच सांगितलं, ‘रडून झालं की बँकेचं ॲप उघड.’ सकाळची आणि संध्याकाळची, अशा दोन कार्ड-नोंदी वेळेसकट तिथे होत्या. मोबाइलने सकाळ-दुपारचं ठिकाण घर म्हणून नोंदवलेलं होतं. तिने मूळ कंपनीला पत्र लिहिलं, पुरावे जोडले, आणि माझ्याबद्दल तुमच्याकडे असलेली सगळी माहिती, सगळे फोटो द्या, अशी मागणी केली. माहिती-संरक्षणाच्या कायद्याने ती एका महिन्यात द्यावी लागते. फोटो आले, मधल्या वेळेत गाडी जागेवर उभी असल्याचा एकही नव्हता. तरी कंपनीने नकारच कळवला.

इथे बाईंची आठवण काढली पाहिजे. पत्रलेखनाच्या तासाला बाई पाठीत धपाटा घालून शिकवायच्या : तारीख, विषय, संदर्भ क्रमांक, मग मुद्दा, आणि मुद्द्यात रडगाणं नको. मुलीच्या पहिल्या मसुद्यात दीड पान रात्रपाळीची दमणूक होती. ती मी काढायला लावली. उरली सहा वाक्यं. बाई, ते पत्र तुम्ही तपासलं असतं तर दहापैकी नऊ दिले असते. दहा तुम्ही कुणालाच देत नव्हता.

पुढे खरी महत्त्वाची दोन पाकिटं आली, आणि ही मात्र फाईलला लावून विसरायची नसतात. पहिलं ‘दाव्यापूर्वीचं पत्र’. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यायचं. दुसरं नॉर्दॅम्प्टनच्या कोर्टाकडून आलेला दाव्याचा अर्ज. व्याज, कोर्ट फी, वकिलाचा खर्च धरून आकडा अडीचशेच्या पुढे गेला होता. दावा बजावल्यापासून १४ दिवसांत ‘मिळाला, लढणार आहे’ असं ऑनलाइन कळवलं की कैफियत द्यायला एकूण २८ दिवस मिळतात. वकील लागत नाही, छोट्या दाव्यांचं कोर्ट आहे. तिने कैफियत स्वतः लिहिली. मग फोनवर तासाभराची मध्यस्थी झाली, ती फुकट असते. ‘निम्मे देऊन मिटवता का?’ असं विचारलं गेलं. ती म्हणाली, मी काहीच देणं लागत नाही. मला फोन करून म्हणाली, ‘काका, आवाज कापत होता, पण बोलले.’ सुनावणीच्या थोडं आधी कंपनीने दावा मागे घेतला. कारण काही दिलं नाही, माफी तर नाहीच. एका पानाचा छापील फॉर्म.

सगळ्यांचं असं होत नाही. माझ्या ओळखीचं एक जोडपं घर बदलून गेलं आणि डीव्हीएलएकडे नवा पत्ता द्यायचं राहिलं. नोटीस, वसुलीची पत्रं, कोर्टाचा अर्ज, सगळं जुन्या दारात पडत राहिलं. उत्तर नाही म्हणून एकतर्फी निकाल लागला. निकाल लागल्यापासून महिन्याभरात पैसे भरले तर तो नोंदीतून निघतो, नाहीतर सहा वर्षं राहतो. यांना कळलं ते घराचं कर्ज नाकारलं गेल्यावर. निकाल रद्द करून घ्यायच्या अर्जालाच तीनशे पौंडांच्या वर फी पडली, आणि मनात भरलेलं घर तोवर दुसऱ्याने घेतलं होतं. म्हणून आज घरी गेल्यावर मुलांना फोन केलात तर जेवलास का हे विचारून झाल्यावर हेही विचारा, की गाडीच्या कागदावर पत्ता कुठला आहे. टपालाचा पत्ता बदलला म्हणजे तो आपोआप बदलत नाही.

स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. ज्यांची मुलं एडिंबरा-ग्लासगोला आहेत त्यांनी माझं सगळंच्या सगळं तिकडे लावू नये. भाड्याच्या गाडीचंही प्रकरण जरा निराळं असतं, त्यावर चहाच्या वेळी बोलू.

मी गुरुवारपर्यंत इथे आहे. कुणाच्या मुलाचं असं पत्र आलेलं असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो पाठवायला सांगा. मागची बाजू कुणी पाठवत नाही, आणि मुदती तिथेच बारीक अक्षरात छापलेल्या असतात.