नव्या विद्याशाखा, नव्या पाट्या

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



प्रवेशाचे दिवस आले की तालुक्याच्या गावी कार्यकर्त्याच्या दारात बारावी झालेली मुले आणि त्यांचे पालक येऊन बसतात. ‘प्रवेश मिळेल का?’ हा एकेकाळचा प्रश्न. आज विचारले जाते ते ‘कृत्रिम बुद्धिमत्ता घ्यावी, डेटा सायन्स घ्यावे, की सायबर सुरक्षा?’ ‘आवडेल ते घे’ हे याचे उत्तर होऊ शकत नाही. चार वर्षांची फी, वसतिगृहाचा खर्च आणि बहुधा एखादे कर्ज या निवडीवर टांगलेले असते.

नव्या विद्येला नाके मुरडणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. डेटा सायन्सचे एक मूळ ज्या संख्याशास्त्रात आहे, ते शास्त्रही एकेकाळी या देशात नवखेच होते. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९३३ साली ‘संख्या’ हे संशोधनपत्र निघाले. बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज नमुना पद्धतीने घेता येतो, हे संस्थेने शेतात उतरून दाखविले. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पदवी देण्याचा अधिकार संस्थेला मिळाला तो संसदेच्या १९५९ च्या कायद्याने, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी. आधी काम, मग पदवी, असा तो क्रम होता. महालनोबीसांच्या नियोजनाविषयी कोणाचे काय मत असेल ते असो. पण १९६३ साली लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला आणि पंतप्रधानांना पंधरा आण्यांचे उत्तर द्यावे लागले, तेव्हा गरिबांच्या बाजूनेही आकडे वाचता आले पाहिजेत, हे साऱ्या देशाला दिसले.

जैवतंत्रज्ञानाची कथा यानंतरची, आणि ती अधिक बोलकी आहे. १९८६ साली केंद्र सरकारने या विषयासाठी स्वतंत्र विभाग काढला. निवडक विद्यापीठांत, पुण्यातही, सरकारी साहाय्याने पदव्युत्तर अभ्यासक्रम चालू लागले. तेथवर सर्व ठीक होते. पुढे हेच नाव विनाअनुदानित वर्गांच्या पाटीवर चढले आणि पदवीच्या पातळीवर सर्रास विकले जाऊ लागले. प्रयोगशाळा तोकडी, शिक्षक तासिकेवर, फी मात्र जुन्या विषयांच्या कितीतरी पट. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या अनेकांना नोकरीच्या जाहिरातीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र ही नावे दिसत. आपल्या पदवीचे नाव दिसत नसे. विषय खोटा नव्हता. विषयाचे नाव पुढे धावले आणि शासनाचे सेवाप्रवेश नियम मागे राहिले, या दोहोंमधल्या खड्ड्यात विद्यार्थी पडले.

आज अभियांत्रिकीत तेच घडण्याची चिन्हे आहेत. महाराष्ट्राने १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. २०१८ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या समितीने जुन्या शाखांत नव्या जागा न देता त्या उदयोन्मुख शाखांकडे वळवाव्यात असे सुचविले. पुढे २०२४-२५ पासून चांगल्या ठरलेल्या संस्थांच्या जागांवरील कमाल मर्यादाही उठली. यंत्र आणि स्थापत्य शाखांच्या जागा जिथे ओस पडत, तिथे नव्या नावाची तुकडी काढणे हा संस्थाचालकांना सोयीचा व्यवहार झाला. इमारत तीच राहते, पुष्कळदा शिक्षकही तेच. संगणक शिकविणाऱ्याने एका उन्हाळ्यात चार दिवसांचे प्रशिक्षण घ्यायचे आणि जूनपासून नवी विद्या शिकवायची! इकडे अनुदानित महाविद्यालयांत गणित व संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवायच्या, आणि तिकडे त्याच दोन विषयांवर उभ्या असलेल्या विद्येचा डंका पिटायचा, यातली विसंगती कोणाच्या ध्यानी येत नाही असे नाही. ती सोयीची आहे, एवढेच.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सरकारला खडसावले होते की, रयतेच्या पैशातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते आणि रयतेची मुले प्राथमिक शाळेलाही मुकतात. रयतेच्या मुलांना शेतीचे प्राथमिक ज्ञान मिळावे, असेही त्यांनी सुचविले होते. आज रयतेची मुलगी अभियांत्रिकीच्या दारापर्यंत पोचली आहे. आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल व सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी भरण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला, तो स्वागतार्हच आहे. पण त्यामुळे प्रश्न अधिक टोकदार होतो. सार्वजनिक तिजोरीतला हा पैसा विद्येसाठी जातो की पाटीसाठी?

म्हणून कार्यकर्त्याने पालकाबरोबर महाविद्यालयात जावे. माहितीपत्रक बाजूला ठेवून पूर्णवेळ शिक्षकांची यादी मागावी. गणित व संख्याशास्त्र कोण शिकवितो, किती सत्रे शिकवितो, हे विचारावे. मागील तुकडी बाहेर पडली असेल तर तिच्यातील दोघा-तिघांना गाठावे. ती बाहेरच पडली नसेल, तर नोकरीचे आकडे कोठून आले हेही विचारावे. आणि पक्षाने शासनाकडे मागणी करावी ती अशी : नव्या नावाच्या पदवीला मान्यता देतानाच ती कोणत्या जुन्या पदवीशी समकक्ष आहे याचा शासन निर्णय निघाला पाहिजे, आणि तो निघेपर्यंत त्या तुकडीचा प्रवेश थांबला पाहिजे.