एसटीत विसरलेली होडी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील माझे अनुभव’ असा विषय दिला होता. तो मी परस्पर बदललाय. ते अनुभव म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून मीटिंगा करणं. त्यात तुम्हाला सांगण्यासारखं फारसं नाही. मी आज होड्यांबद्दल बोलणार आहे. रिमोटवर चालणाऱ्या, शिडाच्या, शर्यतीच्या छोट्या होड्या. हसा, हरकत नाही, घरीही हसतात. पण या होड्यांच्या निमित्ताने वर्गातल्या एकाचं जुनं देणं मला फेडायचंय, म्हणून हा विषय.

२०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. नौका गोव्यात बांधलेली. त्या बातम्या मी इतक्या वाचल्या की आपणही शीड हाकावं असं डोक्यात बसलं. आता बारामतीत समुद्र कुठून आणायचा? शोधता शोधता या छोट्या होड्या सापडल्या. यात मोटर होडीला ढकलत नाही. रिमोटने दोनच गोष्टी करायच्या : सुकाणू वळवायचं आणि शिडाची दोरी ओढायची किंवा सैल सोडायची. बाकी सगळं वाऱ्यावर. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही. साधारण ४५ अंश तिरकी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी नागमोडी न्यावी लागते. आणि ती आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की डावं-उजवं उलटं होतं. पहिले पंधरा दिवस मी दर वेळी चुकीकडेच वळवत होते.

पहिली होडी मी विकत घेतली. ड्रॅगनफ्लाइट ९५ नावाची, चीनमध्ये बनणारी, ९५ सेंटिमीटर लांब. खोक्यातून काढा, जोडा, सोडा. जगभर ती सगळ्यांकडे एकसारखीच असते आणि शर्यतीत त्यात मनाचे बदल करता येत नाहीत, म्हणजे पैशाने कोणी पुढे जात नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हेच घ्यावं, हे माझं स्पष्ट मत आहे. आधी हाकायला शिका, बांधण्याचं नंतर बघू.

पण हाकायची कुठे? मी आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, कोणाचं मोठं शेततळं आहे का? ग्रुपवर कधीच काही न लिहिणाऱ्या एकाचं उत्तर आलं, “माझं आहे, इंदापूरकडे. ये.” त्याने नाव घ्यायला बंदी केलीय. तो आत्ता इथेच बसलाय आणि पंख्याकडे बघतोय. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडलं; आज एमआयडीसीत त्याचं लेथ आणि फॅब्रिकेशनचं शेड आहे. पेन्सिल चौकातून मी हजार वेळा गेले असेन, पण त्याच्या शेडवर कधी थांबले नव्हते.

शेततळ्याला चारही बाजूंनी मातीचे उंच बांध. वारा बांधावरून उडी मारून जातो आणि खाली पाण्यावर कुठे झुळूक, कुठे काहीच नाही. माझी होडी बरोबर मध्यभागी ठप्प झाली. मी चपला काढल्या आणि उतरायला निघाले. त्याने दंडाला धरून मागे ओढलं. “अगं, वेडी झालीस का? त्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. उतरशील, वर नाही येणार.” मग त्याने हंडाभर पाणी त्या उतारावर ओतून मला हाताने चाचपायला लावलं. शेवाळलेला, तिरका, गुळगुळीत कागद. पोहता येणारी माणसंही त्यात जातात, कारण धरायला काही नसतं. त्याने चारही कोपऱ्यांना ट्रॅक्टरच्या ट्यूब दोरीने बांधून आत सोडलेल्या होत्या. होडी आम्ही लांब दोरीला रिकामा कॅन बांधून, पलीकडे फेकून ओढून घेतली. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी आता शेततळं आहे. मुलं-नातवंडं येतात. ट्यूबा बांधा, आजच बांधा.

होडी पुसताना त्याने ती उलटी धरली आणि खालच्या पात्याच्या टोकाचा शिशाचा लांबट गोळा हातात तोलला. “एवढ्याशा होडीला एवढं वजन कशाला?” मी इंजिनिअर, मला सांगता आलं नाही. दोन दिवस वाचलं तेव्हा कळलं. होडी निम्मी केली तर शिडाचं क्षेत्रफळ चौथाई होतं आणि उंची निम्मी. म्हणजे वाऱ्याचा आडवं पाडण्याचा जोर आठ पटींनी घटतो. पण होडीला सरळ ठेवणारा जोर घटतो सोळा पटींनी, कारण वजन आठ पटींनी घटतं आणि पातंही निम्मं होतं. वारा मात्र छोटा होत नाही. म्हणून खेळण्यातल्या होडीचं पातं खोल आणि शिसं जास्त. हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. तो म्हणाला, “मग आपण एक बांधू.”

आम्ही इंटरनॅशनल वन मीटर या प्रकारातली होडी घेतली. हा प्रकार १९८८ पासून चालत आलाय. नियम कडक : लांबी १ मीटरपेक्षा जास्त नाही, एकूण वजन ४ किलोपेक्षा कमी नाही, त्यातलं पातं आणि शिसं मिळून २.२ ते २.५ किलो. होडीच्या अंगाला कार्बन फायबर चालत नाही. साधं काच-फायबर किंवा लाकूड, म्हणजे खर्च आटोक्यात. रेडिओ, सर्व्हो, शिडाची दोरी गुंडाळणारी विंच आणि बॅटरी विकत घ्यायची, त्यात हुशारी नको. अंग, शीड आणि शिसं घरी.

अंग मे महिन्यात बांधायला घेतलं ही माझी चूक. प्लायच्या साच्यांवर बाल्साच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि वरून काच-कापड व इपॉक्सी. बारामतीचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. ग्लासभर इपॉक्सी एकदम कालवलं. ते ब्रश बुडवायच्या आत तापलं, धूर निघाला, दगड झालं. तेव्हापासून चहाच्या कपाच्या तळाएवढंच कालवायचं आणि तेही पहाटे. शिडं मी शिवली. आठवतंय, मुलांना कार्यशाळा आणि मुलींना शिवण असायचं? मला तेव्हा राग यायचा. शीड सपाट कापून चालत नाही, पट्ट्यांच्या कडा किंचित गोलाई देऊन जोडल्या तरच त्याला पोट येतं. ब्लाउजच्या टक्सचाच हिशेब आहे, बाई. तुमची ती तासिका वाया गेली नाही.

शिसं ओतायचा दिवस त्याचा. शिसं ३२७ अंशांना वितळतं, घरच्या भट्टीलाही जमतं, म्हणून माणूस बेफिकीर होतो. प्लास्टरचा साचा त्याने दोन दिवस उन्हात आणि मग मंद आचेवर वाळवला. साच्यात ओल राहिली तर वाफ होऊन वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या नाहीत, शेड बंद ठेवायचं नाही, मास्क काढायचा नाही. मला त्याने दहा फूट लांब उभं केलं.

तिथे उभी असताना मी त्याला ते सांगितलं. आता तुम्हालाही सांगते.

नववीत तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या वर्गाची होडी गेली होती, आठवते? थर्माकोलची. टेपरेकॉर्डरची मोटर, डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचा पंखा. ती त्याने बनवली होती, एकट्याने. मी फक्त तक्ता लिहिला होता, कारण माझं अक्षर चांगलं. बोलायलाही येत होतं, म्हणून गेले मी. दुसरा नंबर आला. प्रमाणपत्रावर नाव माझं एकटीचं. तिथल्या टेबलावर नाव विचारलं तेव्हा मी एकच सांगितलं. आणि येताना ती होडी मी एसटीत विसरले. त्याला सांगितलं की प्रदर्शनवाल्यांनी ठेवून घेतली.

तो कढई हलवत राहिला. मग म्हणाला, “मला माहीत होतं. कंडक्टर आमच्या गल्लीतला. होडी त्याच रात्री घरी आली होती.”

एवढी वर्षं तो बोलला नाही. मी विचारलं, का? म्हणाला, “तू परत विचारलंसच नाही की कुठं आहे.”

ते प्रमाणपत्र मी आज आणलंय. स्मरणिकेच्या संपादकांना माझी विनंती आहे की त्याचा फोटो छापावा आणि खाली होडी बनवणाऱ्याचं नाव छापावं. तो नको म्हणेल. त्याचं ऐकू नका.

आमची होडी ४ किलो ३१० ग्रॅम भरली. पुट्टी आणि रंग माझा, तेवढं जास्तीचं वजन माझ्या नावावर. वाऱ्याकडे आपोआप तोंड फिरवायची; डोलकाठी थोडी पुढे कलवल्यावर शहाणी झाली. शेततळं आता पुरत नाही, म्हणून आम्ही उजनीच्या फुगवट्यावर जातो. तिथे वारा मोकळा आहे, पण मच्छीमारांची जाळी बघून सोडावी लागते, आणि थंडीत भिगवणकडे रोहित पक्षी असतात, तिकडे फिरकायचं नाही.

दुसऱ्या होडीचे साचे त्याच्या शेडमध्ये लागलेत. पट्ट्या घासायला माणसं हवीत. रविवारी सकाळी ७ वाजता. चहा तो देतो, पॉलिश पेपर आपापला आणायचा.