आहार व व्यायामाचे फिरते प्रदर्शन गावात कसे मांडावे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मेळाव्यात आपण वाण, खतांच्या मात्रा आणि बाजारभाव यांविषयी नेहमीच ऐकता. आज मी निराळा विषय घेतला आहे. आपण पिकविलेल्या मालापैकी घरच्या ताटात किती येते, आणि हे सर्व कुटुंबाला समजावून देणारे प्रदर्शन गावोगाव कसे नेता येईल, याविषयी चार गोष्टी सांगतो.

विषय निकडीचा आहे. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय होता. त्याच सर्वेक्षणात १०० पैकी २३ स्त्रिया व जवळजवळ २५ पुरुष वाजवीपेक्षा जास्त वजनाचे निघाले. म्हणजे एकीकडे अन्न कमी पडते, तर दुसरीकडे शरीराची हालचाल कमी पडते.

परंपरा जुनी आहे

संग्रहालय लोकांच्या दारी नेण्याची कल्पना आपल्याकडे नवीन नाही. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयाने सन १९६५ मध्ये फिरते विज्ञान प्रदर्शन सुरू केले. मुलांनी स्वतः दांडा फिरवावा, बटण दाबावे आणि शिकावे, अशी त्याची पद्धत. अमेरिकेत नॉर्वॉक गावच्या स्टेपिंग स्टोन्स या बालसंग्रहालयाने याच पद्धतीने आहार व व्यायाम शिकविणारे ‘हेल्दीव्हिल’ नावाचे फिरते प्रदर्शन तयार केले. त्यातील मजकूर इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन भाषांत असतो. मूल शाळेत इंग्रजी शिकते, पण आईवडील घरी स्पॅनिश बोलतात, अशी पुष्कळ कुटुंबे तिकडे आहेत.

दोन भाषा कशासाठी?

आपल्या मेळघाटात हीच परिस्थिती आहे. धारणी व चिखलदरा तालुक्यांत अनेक घरांत कोरकू बोलली जाते. ही भाषा मुंडा कुळातील असून मराठीहून अगदी वेगळी आहे. शाळेत जाणारी नात मराठी फलक वाचते. पण चुलीवर काय शिजवायचे हे आजी आणि आई ठरवितात. म्हणून फलक दोन्ही भाषांत, देवनागरीत, मोठ्या अक्षरांत लिहावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी गावातीलच आशाताई किंवा अंगणवाडीताईंनी कोरकूत बोलून माहिती द्यावी. नातीने वाचावे, आजीने विचारावे आणि दोघींनी मिळून धान्य हाताळावे. असे झाले म्हणजे प्रदर्शन घरापर्यंत पोहोचले असे समजावे.

धान्याची नावेही गावची असावीत. मराठीतसुद्धा कोकणात नाचणी म्हणतात, तर नाशिककडे नागली. अनोळखी नाव वाचले की माणसाला वाटते, हे आपल्याकडचे नव्हे.

काय मांडावे?

१. ताट : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सन २०२४ मध्ये २००० कॅलरीच्या आहारासाठी रोजचे प्रमाण दिले आहे. त्यात तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मि.लि. आणि तेल-तूप २७ ग्रॅम आहे. हे जिन्नस खरोखरीचे, तराजूसह ठेवावेत. प्रत्येक बाईने आपल्या अंदाजाने डाळ काढावी आणि मग तोलून पाहावी.

२. धान्य व बियाणे : १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; पॉलिश केलेल्या तांदळात ते फारच थोडे. लोह अधिक असलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण सन २०१२ मध्ये प्रसारित झाला, तर ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी सन २०१८ मध्ये आली. कुटकी, कोदो, शेवग्याचा पाला आणि अंबाडी हेही शेजारी मांडावे. भाजीवर लिंबू पिळल्यास लोह चांगले शोषले जाते, जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते, ही सूचना चित्रासह लावावी.

३. हालचाल : मुलांना रोज किमान ६० मिनिटे आणि मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटे अंग हलविणारा व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी लंगडी, खो-खो, फुगडी, लेझीम पुरेशी आहेत. खेळण्यापूर्वी आणि खेळल्यानंतर नाडीचे ठोके मोजायला लावावेत. मोटारसायकलवरून बांधापर्यंत जाणाऱ्या पुरुषांनीही हे करावे. मात्र दिवसभर निंदणी करून पाणी वाहणाऱ्या भगिनींना व्यायामाचा उपदेश करू नये. त्यांना विश्रांती आणि लोहयुक्त आहार हवा. हे फलकावर स्पष्ट लिहावे.

घरचा हिशेब

प्रदर्शनाच्या अखेरीस एक कोरा फळा ठेवावा आणि प्रत्येक कुटुंबाने त्यावर आपला हिशेब मांडावा. पाच माणसांचे घर धरू. मुलांना थोडे कमी, कष्टकऱ्यांना थोडे जास्त, असे सरासरी माणशी ८५ ग्रॅम डाळ धरली तर वर्षाला सुमारे १५५ किलो लागते. भरडताना टरफल व चुरी वजा जाते, म्हणून साधारण दोन क्विंटल कडधान्य घरात राहिले पाहिजे. दूध रोज दीड लिटर, भाजी दोन किलो. तेल मात्र महिन्याला चार किलोवर जाऊ नये.

आता मनाशी विचारा : गेल्या सुगीत सगळी तूर बाजारात गेली की दोन क्विंटल कणगीत राहिली? सगळे दूध डेअरीला गेले की दीड लिटर चुलीवर तापले? पैशाची नड असते हे मी जाणतो. परंतु विकलेल्या तुरीच्या पैशातून डाळ पुन्हा घरात येतेच असे नाही. बऱ्याचदा बिस्किटाचे पुडे येतात.

दरवर्षी १ ते ७ सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण सप्ताह असतो. त्या वेळी शाळेच्या एका खोलीत एवढी मांडणी सहज होईल. तराजू गावात आहे, धान्य घरात आहे आणि सांगणाऱ्या ताईही गावातच आहेत. एका गावचे फलक दुसऱ्या गावाला देत जा, म्हणजे प्रदर्शन आपोआप फिरते राहील. आणि यंदा तूर घरात आली की विक्रीची पोती शिवण्यापूर्वी घरची दोन क्विंटल आधी बाजूला काढा.